वर्तमानपत्राच्या कव्हरातली कादंबरी: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, सार्वजनिक ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत, महिन्यातून एकदा वाचक मंडळ बसतं. तेरा सभासद, सगळे पंचेचाळिशीच्या पुढचे. निवृत्त मास्तर-बाई आहेत, साडीच्या दुकानाच्या मालकीणबाई आहेत, जिनिंगमधले हिशेबनीस आहेत, एक होमिओपॅथीचे डॉक्टर आहेत. दर महिन्याला एक पुस्तक ठरतं. वाचलेला येतो, न वाचलेलाही येतो, कारण चहा असतो.

मंडळाची टिपणवही माझ्याकडे असते. खालचं सगळं त्या वहीतून आणि नंतर झालेल्या बोलण्यांतून घेतलं आहे. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कादंबरीचं नावही देत नाही, पण त्याचं कारण निराळं. गुन्हा कोणी केला हे सांगितल्याशिवाय हे प्रकरण मांडताच येत नाही. रहस्यकथेचं नाव आणि तिचा शेवट एकाच पानावर छापणाऱ्याला आमच्या मंडळात चहा मिळत नाही. कथानकातल्या काही खुणाही म्हणूनच थोड्या फिरवल्या आहेत.

प्रकरण ज्यांच्यामुळे सुरू झालं त्यांना सगळे जिभाऊ म्हणतात. उभा जन्म तलाठी म्हणून गेला, आता निवृत्त. वाचन म्हणजे वर्तमानपत्र, पोथी आणि कधीकाळी एसटी स्टँडवर मिळणाऱ्या पातळ रहस्यकथा. दिवाळीच्या सुट्टीत नाशिकची नात आली. तिच्याकडे मुलांसाठीची एक जाड कादंबरी होती, इंग्रजीतून मराठीत आलेली. दुपारी ती झोपली की जिभाऊ पुस्तक उचलायचे. ओट्यावर बसून वाचताना येणारे-जाणारे बघतात म्हणून त्यांनी त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. घरातून टोमणा आलाच: "पोरेसना पुस्तके वाची ऱ्हायनात, लोके काय म्हनतीन?"

सुट्टी संपली, नात पुस्तक घेऊन नाशिकला गेली आणि जिभाऊ बरोबर मध्यावर अडकले.

कादंबरी काय होती

डोंगरातलं एक गाव. तिथे हरवलेल्या वस्तूंचं कार्यालय आहे आणि ते एक आजी चालवते. तिची बारा वर्षांची नात कपाटं लावते, चिठ्ठ्या चिकटवते. या गावात आठवणीसुद्धा हरवतात आणि सापडल्या की काचेच्या बाटलीत ठेवतात. एक दिवस मुलीच्या लक्षात येतं की गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची एकाच रात्रीची आठवण गायब आहे. चोर कोण? गावात नव्याने आलेला, रात्री-बेरात्री फिरणारा घड्याळजी? मुका पोस्टमन? की नदीपलीकडे राहणारी ती बाई, जिच्याशी कोणीच बोलत नाही?

जादूचा एक नियम दुसऱ्याच प्रकरणात, सहज बोलता बोलता येऊन जातो. आठवण कोणाकडून हिसकावता येत नाही. मालकाने ती स्वतःच्या हाताने द्यावी लागते.

अडचण

जिभाऊ ग्रंथालयात गेले. पुस्तक तिथे होतं, पण बालविभागात. बालविभागाचं पुस्तक बालसभासदाच्याच नावावर द्यायचं, अशी तिथली पद्धत. ग्रंथपाल चांगला माणूस. त्याने तोडगाही सुचवला, की नातीचं नाव लावू, वर्गणी किरकोळ आहे. जिभाऊंनी नकार दिला. "नात नाशिकले शे. वाचनार मी शे." महसूल खात्यात हयात गेलेला माणूस, ताबा एकाचा आणि नोंद दुसऱ्याची हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं. वाचायची इच्छा असूनही त्यांनी पुस्तक सोडलं आणि विषय मंडळाच्या बैठकीत आणला: पुढच्या महिन्याचं पुस्तक हेच ठेवा.

आधी हसू झालं, मग हरकती आल्या. त्या तिघांच्या तीन तऱ्हांच्या होत्या आणि त्या नीट वेगळ्या करणं पुढे उपयोगी पडलं.

हिशेबनीसांची हरकत दर्जाची होती. मंडळाने आजवर काय काय वाचलं आणि आता परीकथा? यावर साडीच्या दुकानाच्या वहिनींनी जे विचारलं ते मी वहीत अधोरेखित केलं आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवून गेलेल्या साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. ते पुस्तक मुलांच्या हातात देतात आणि मोठी माणसंही ते वाचून डोळे पुसतात. तेव्हा कोणी दर्ज्याचं विचारत नाही. म्हणजे मोठ्या माणसाने मुलांचं पुस्तक रडण्यासाठी, संस्कारासाठी वाचलं तर चालतं. नुसती मजा आली तर मात्र कव्हर घालावं लागतं. हिशेबनीस गप्प बसले, पटल्यामुळे नव्हे.

दुसरी हरकत विज्ञानाच्या सरांची, आणि ती खरोखर वजनदार होती. रहस्यकथा तर्कावर चालते. जादू आली की काहीही होऊ शकतं, मग वाचकाने डोकं कशासाठी चालवायचं? भिंतीतून माणूस आरपार जात असेल तर बंद खोलीत खून कसा झाला या प्रश्नाला अर्थच राहत नाही. ही शंका जुनी आहे. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने, जो स्वतः रहस्यकथा लिहायचा, १९२९ साली असल्या कथांचे दहा नियम मांडले. गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागातच दिसायला हवा, हा पहिला. अलौकिक शक्तींना प्रवेश नाही, हा दुसरा.

तिसरी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या आक्कांची. ती हरकत नव्हती, सूचना होती: वाचूच, पण मुलांना सोबत घेऊन वाचू.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सगळ्यात सोपा: ग्रंथपालाशी बोलून जिभाऊंना पुस्तक मिळवून द्यायचं आणि मंडळाने नेहमीचंच वाचायचं. अर्ध्या जणांना हेच हवं होतं. पण जिभाऊंची तक्रार पुस्तक मिळत नाही एवढीच नव्हती. अर्ध्यापर्यंत वाचलेल्या गोष्टीवर बोलायला त्यांना कोणी नव्हतं.

दुसरा पर्याय आक्कांचा. आजी-आजोबा आणि नातवंडं असा कार्यक्रम करायचा. ग्रंथालयाच्या कार्यकारिणीला हा फार आवडला. फोटो चांगले येतात आणि अहवालात एक ओळ वाढते. तो का नाकारला, हा या प्रकरणातला पहिला खरा निर्णय. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "समोर पोरं बसली की आपण वाचू का शिकवू?" खोलीत चार शिक्षक होते. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

तिसरा पर्याय सरांचा: रहस्यकथाच हवी तर मोठ्यांची घ्या, अद्भुत हवं तर पुराणातलं घ्या, दोन्हींची खिचडी नको. इथे वेताळ मदतीला आला. सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या 'कथासरित्सागरा'त वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत आणि आमच्या पिढीने त्या 'चांदोबा'मधून वाचल्या आहेत. प्रेत बोलतं, झाडावर परत जाऊन लटकतं, हे सगळं अलौकिकच. पण अटी आधीच सांगितलेल्या असतात: उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील, बोललास तर मी चाललो परत. शिवाय प्रत्येक गोष्टीच्या शेवटी जो प्रश्न येतो तो राजाला तर्कानेच सोडवावा लागतो. म्हणजे जादू आणि तर्क यांचं भांडण नाही. लेखकाने नियम आधी सांगितला की नंतर, एवढाच मुद्दा. सरांनी हे मान्य केलं, पण अट घातली: नियम कुठल्या पानावर येतो ते मी लिहून ठेवणार आणि शेवटी तपासणार.

चौथा पर्याय, जसं आहे तसं, फक्त मोठ्यांनी वाचायचं, हाच शेवटी ठरला. नऊ जणांनी हात वर केले. हिशेबनीसांनी वर केला नाही, पण पुस्तक पहिल्यांदा तेच घेऊन गेले.

काय केलं

ग्रंथपालाने कार्यकारिणीला विचारून मंडळाच्या नावावर बालविभागाचं पुस्तक द्यायला परवानगी मिळवली. आणखी दोन प्रती विकत मागवल्या. तेरा माणसांत तीन प्रती, म्हणून नेहमीच्या एका महिन्याऐवजी सगळी थंडी या पुस्तकाला दिली. चोविसातली सतरा प्रकरणं वाचून थांबायचं, प्रत्येकाने संशयिताचं नाव आणि कारण चिठ्ठीवर लिहून द्यायचं, चिठ्ठ्या पाकिटात बंद करायच्या, मग पुढे वाचायचं, असं ठरलं. जिभाऊ तर आधीच मध्यावर थांबलेले होते; त्यांना हे फारच सोयीचं झालं.

पहिली बैठक फसली, आणि कशी फसली ते सांगण्यासारखं आहे. सुरुवातीचा प्रश्न असा ठेवला होता: लहानपणी असं पुस्तक मिळालं असतं तर? झालं! चांदोबा निघाला, रेडिओवरच्या श्रुतिका निघाल्या, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे निघाला, १९७१ साली सुरू झालेल्या 'किशोर'चे दिवाळी अंक निघाले, कोणाच्या तरी मामाच्या माळ्यावर सापडलेली पेटी निघाली. सगळे खुशीत होते आणि समोरच्या पुस्तकाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मुलांचं पुस्तक मोठ्याने वाचायचं तर 'पुन्हा मूल होऊन' वाचावं, असं सगळीकडे सांगतात. माझं मत त्या संध्याकाळी बदललं. मूल होऊन वाचायला गेलेला माणूस स्वतःचं बालपण वाचतो, पुस्तक नाही.

दुसऱ्या बैठकीला प्रश्न बदलला. तुमच्या धंद्याच्या, नोकरीच्या नजरेने या गावात तुम्हाला काय खटकलं?

खोलीचा रंगच पालटला. वहिनींना खटकलं ते असं, की हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयात उधारी-वसुली काहीच नाही. म्हणजे आजीचं घर चालतं कशावर, कोणीतरी तिला पैसे देतंय. डॉक्टरांचं म्हणणं, एवढ्या लोकांची एकाच रात्रीची स्मृती जाते आणि आधीची-नंतरची शाबूत राहते, ही दुखापत नाही, ही शस्त्रक्रिया आहे. सरांनी वही उघडून सांगितलं, "नियम एकोणतिसाव्या पानावर आलेला आहे. हिसकावता येत नाही. म्हणजे चोर शोधणंच चूक."

मग जिभाऊ. ते फारसं बोलत नाहीत. वारसाच्या नोंदी करताना, पंचनामे करताना त्यांनी आयुष्यभर लोकांचे जबाब लिहिले. कादंबरीतली मुलगी घरोघर जाऊन त्या रात्रीबद्दल विचारते आणि प्रत्येक जण म्हणतो: धुकं होतं, आम्ही लवकर झोपलो. आम्ही बाकी सगळ्यांनी ते वातावरणनिर्मिती म्हणून वाचलं होतं. जिभाऊंनी सहा ठिकाणी पेन्सिलीने बारीक खूण केली होती. (ग्रंथपालाने नंतर ती खोडरबराने पुसली.) ते म्हणाले, "समदासना जबाब एकसारखा शेतस. हाई बसीसन ठरायेल शे." खऱ्या साक्षीदारांचे जबाब थोडे तरी इकडे-तिकडे होतात. शब्दाला शब्द जुळला की समजायचं, आधी एकत्र बसून ठरवलंय.

चिठ्ठ्यांत सात जणांनी घड्याळजी लिहिला, दोघांनी नदीपलीकडची बाई, एकाने पोस्टमन. सरांनी लिहिलं, "कोणीच नाही". वहिनींनी आजी. जिभाऊंच्या चिठ्ठीवर होतं: गाव.

उत्तर तेच होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी नदीला पूर आला. पलीकडची माणसं पुलावर धावत आली, आणि इकडच्या गावाने भीतीपोटी पुलाचा दरवाजा उघडला नाही. नंतर ती रात्र मनात घेऊन कोणाला जगता येईना. एकेकाने आपली आठवण आजीकडे आणून दिली आणि सगळ्यांनी मिळून एक वाक्य ठरवलं. आजी ते गुपित सांभाळायचे पैसे घेत होती. घड्याळजी हा त्या रात्री पलीकडे राहिलेला मुलगा, मोठा होऊन परत आलेला.

शेवटची बैठक

पांझरेचा पूर पाहिलेल्या गावात ही बैठक हलकी होणार नव्हती. पण पुराबद्दल फार कोणी बोललं नाही. वाद आजीवरून झाला. ती गुन्हेगार की गावाची सेवा करणारी? कादंबरीत मुलगी शेवटी सगळ्या बाटल्या फोडते आणि आठवणी ज्याच्या त्याला परत जातात. आक्कांना हे योग्य वाटलं. वहिनी भडकल्या: बारा वर्षांच्या पोरीने सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला त्याची सर्वांत वाईट रात्र न विचारता परत द्यायची? मग द्यायलाही मालकाची परवानगी नको का? सरांनी ताबडतोब पानं उलटली. नियम फक्त काढून घेण्याबद्दल होता, परत करण्याबद्दल लेखकाने काहीच सांगितलेलं नाही. हे पळवाट म्हणून ठेवलंय की विसरून राहिलंय, यावर त्या रात्री खाली शटर ओढण्याची वेळ झाली तरी निकाल लागला नाही.

मध्येच जिभाऊंनी नाशिकला फोन लावून नातीला विचारलं. तिला आजी तिसऱ्या प्रकरणातच ओळखू आली होती. "बाबा, त्या ऑफिसमध्ये सगळ्यांचं काही ना काही हरवतं, तिचंच कधी नाही हरवत." ही खूण तेरापैकी एकालाही दिसली नव्हती. पण पूल का उघडला नाही, बाटल्या फोडणं बरोबर का, यात तिला काडीचा रस नव्हता. तिला राग होता तो पोस्टमनचा कुत्रा शेवटी गावात राहत नाही याचा. त्या कुत्र्याचं नाव आमच्यापैकी कोणाला आठवेना.

एकाच पुस्तकात दोन गोष्टी होत्या. तिने शोध घेणाऱ्या मुलीची वाचली, आम्ही लपवणाऱ्या मोठ्यांची. आमची गोष्ट तिच्यापेक्षा खोल आहे असं मला वाटत नाही. कुत्र्याच्या बाबतीत लेखकाने खरंच अन्याय केला आहे. पण आमचीही गोष्ट पुस्तकात होती, लेखकाने ती मोठ्यांसाठीच ठेवली होती आणि ती वाचायला लहान व्हायची गरज नव्हती.

परिणाम

सगळं गोड झालं नाही. दोन सभासदांनी त्यानंतर येणं थांबवलं. एक नंतर परत आले. हिशेबनीसांचं मत वहीत त्यांच्याच शब्दांत आहे: "एका बैठकीत वाचून काढलं. तरी हे साहित्य नव्हे." ते खोडून काढायचा प्रयत्न कोणी केला नाही.

ग्रंथालयाने मंडळाला दिलेली सवलत पुढे सगळ्या प्रौढ सभासदांना दिली. फार कोणी धावत आलं नाही. काही जण बालविभागातून पुस्तक नेतात आणि अजूनही म्हणतात, नातवासाठी नेतोय. यात आपलं गाव मागासलेलं वगैरे काही नाही. जादूच्या शाळेत शिकणाऱ्या त्या जगप्रसिद्ध चष्मिष्ट मुलाची पहिली कादंबरी ब्रिटनमध्ये १९९७ साली आली आणि पुढच्याच वर्षी प्रकाशकाने तिची मोठ्यांसाठी वेगळ्या मुखपृष्ठाची आवृत्ती काढली. आत शब्द तेच, बाहेर गंभीर छायाचित्र. जिभाऊंना हे सांगितल्यावर त्यांनी विचारलं, त्याची किंमत जास्त होती का.

पुन्हा करायचं झालं तर

सतराव्या प्रकरणाशी थांबणं थोडं लवकर झालं. घड्याळजीच्या मनगटावरच्या जुन्या जखमेचा उल्लेख एकोणिसाव्यात येतो आणि ती खूण मिळाली असती तर घड्याळजीच्या नावाच्या सात चिठ्ठ्या पडल्या नसत्या. थांबायची जागा ठरवायला ज्याने पुस्तक आधीच पूर्ण वाचलंय असा एक माणूस लागतो आणि त्याने चिठ्ठी न टाकता गप्प बसायला हवं. आमच्याकडे असा माणूस सापडणं कठीण. होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी दुसऱ्या बैठकीआधीच शेवट वाचला होता आणि "म्हातारीकडे लक्ष ठेवा" असं ते दोघांच्या कानात बोलून गेले होते. वहिनी म्हणतात, माझी चिठ्ठी त्याआधीची आहे. पाकिटावर तारीख घातलेली नाही, त्यामुळे हा वाद कायम आहे. आता तारीख घालतो.

'लहानपणी असं मिळालं असतं तर' हा प्रश्न पूर्ण टाळावा का, याबद्दल मंडळात एकमत नाही. आक्कांच्या मते त्या गप्पांमुळे लोक मोकळे झाले, म्हणून दुसरी बैठक रंगली. मला तो प्रश्न शेवटी ठेवलेला बरा वाटतो, पुस्तक संपल्यावर, चहासोबत.

मुलांना सोबत घ्यायचा पर्यायही कायमचा बाद करायला नको होता. मोठ्यांचं बोलून झाल्यावर, वेगळ्या दिवशी, मुलांनी बोलायचं आणि मोठ्यांनी फक्त ऐकायचं, असा एक प्रयोग आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुट्टीत करायचं ठरलं आहे. चारही शिक्षकांना मागच्या बाकावर बसवायचं, ही अट आक्कांनी स्वतःच घातली.

पुढच्या पुस्तकाबद्दल सरांनी आत्ताच लेखी हरकत दिली आहे. त्यातला जादूचा मुख्य नियम दोनशे अकराव्या पानावर येतो, गुन्हा उलगडायच्या अवघी दहा पानं आधी. जिभाऊंनी ते पान अजून वाचलेलं नाही आणि हरकतीचा कागद वाचून दाखवायला त्यांनी बैठकीत सक्त मनाई केली.